तेल पारदर्शक झालं म्हणजे नवं झालं नाही

मिथेनॉल या इंधनावर धावणाऱ्या स्प्रिंट कारचं (मातीच्या ट्रॅकवरच्या छोट्या रेसकारचं) इंजिन ऑइल मिथेनॉल आणि पाणी मिसळून दुधाळ होतं. ते तापवलं की नव्यासारखं होतं, असं या विषयावरच्या एका लेखात म्हटलंय; ते अर्धंच खरं आहे. मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी १०० ला. त्यामुळे १०० अंशांहून थोडं जास्त तापवत ठेवलं की दोन्ही उडून जातात, हे बरोबर. पण आम्लं मारण्यात खर्ची पडलेले ॲडिटिव्ह (तेलात मिसळलेली संरक्षक रसायनं) त्याने परत येत नाहीत आणि बेअरिंगचे धातूकण तेलातच राहतात. अमेरिकेतल्या आयोवात मित्राच्या रेसिंग टीमला मी पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्यांचं काम करायच्या जागेत) मदत करतो. तिथे शर्यतीनंतर आधी ऑइल फिल्टर कापून उघडतात. धातूचे चकाकणारे कण दिसले, तर ते तेल तापवायचा प्रश्नच नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं लेखात आलेलंच नाही. तेल तापवायचा हा उद्योग बंद गॅरेजमध्ये किंवा गॅसच्या शेगडीवर कधीही करू नका! मिथेनॉलची वाफ विषारी असते, डोळे जाऊ शकतात. ती पेटली तर भर उन्हात ज्वाळा जवळजवळ दिसतच नाही. नवीन मुलं असे लेख वाचून घरी प्रयोग करतात, म्हणून संपादकांनी ही सूचना ठळक टाकावी.