‘जुन्या हॉट रॉडची वाट लावताय’ या प्रतिक्रियेला माझं उत्तर

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ‘धन्यवाद’ लिहून सोडून द्यावी अशी ती नाहीये म्हणून हे लांबलचक उत्तर. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी घेतलेली 1932 ची फोर्ड फाइव्ह-विंडो कूपे ही साठच्या दशकात कुणीतरी जीव ओतून बनवलेली हॉट रॉड (जुनी गाडी कापून-छाटून, दमदार इंजिन घालून वेगवान केलेली) आहे, तिचा जांभळा मेटलफ्लेक (चमकीचे कण घातलेला) रंग, पांढरं टक-अँड-रोल (उभ्या फुगीर पट्ट्यांची शिलाई असलेलं) सीट, चार स्पीडचा गिअरबॉक्स हे सगळं त्या काळाचा पुरावा आहे, आणि मी गाडी घरी आल्या आल्या ते उचकटायला बसलोय. स्वतःची हौसच भागवायची होती तर नवी बॉडी घ्यायची, जुन्या वाड्याला स्लायडिंगच्या खिडक्या कशाला, असं तुमचं म्हणणं.

आधी वाड्याचंच घेऊ. अहो, तो वाडा तर तुम्ही ज्याचं कौतुक करताय त्या माणसानेच पाडलाय! ही गाडी फोर्डच्या कारखान्यातून निघाली तेव्हा तिला चार मडगार्ड होते, छप्पर आत्तापेक्षा तीन इंच उंच होतं, 221 क्युबिक इंचांचा 65 हॉर्सपॉवरचा फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेला) व्ही-8 होता आणि सळ्यांवर चालणारे मेकॅनिकल ब्रेक होते. त्या गड्याने मडगार्ड काढून टाकले, छप्पर कापलं, पुढे ड्रॉप्ड अ‍ॅक्सल घातला (त्याने गाडीचं नाक खाली येतं), चाळीसच्या दशकातल्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक बसवले आणि फोर्डच्या गाडीत चक्क शेवीचं, म्हणजे शेवरोलेचं, 283 क्युबिक इंचांचं स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिन टाकलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणतच नाहीये. फ्लॅटहेडचा एक्झॉस्ट ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटला चिकटून बाहेर पडतो त्यामुळे ते इंजिन तापायला बसलेलंच असतं, आणि 1955 ला शेवीचा स्मॉल ब्लॉक आला तो हलका, स्वस्त आणि मस्त फिरणारा, मग काही वर्षांत जो तो तेच टाकायला लागला. त्याला जे हवं होतं ते त्याने केलं. पण मग त्याने केलं ते इतिहास आणि मी केली ती नासधूस, ही रेघ नक्की कुठल्या साली मारायची?

आता तुमचा मुद्दा जिथे मला शंभर टक्के पटतो ते सांगतो. काही गाड्यांना हात लावायचा नाही म्हणजे नाही. युद्धाआधी कॅलिफोर्नियात म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पोरं गाड्या पळवायची, 1937 ला त्यांच्या क्लबांनी मिळून एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) काढली, 1949 पासून बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर स्पीड वीक सुरू झाला. त्या काळची टायमिंगची पट्टी (शर्यतीत नोंदलेला वेग कोरलेली) डॅशबोर्डवर असलेली, जुन्या मासिकात फोटो छापून आलेली, कुणी बनवली हे कागदावर असलेली गाडी माझ्या हातात पडली असती तर मी तिचा एक बोल्टसुद्धा बदलला नसता, फार तर तेल बदललं असतं. माझ्या गाडीला यातलं काहीही नाही. कागद दोन मालक मागे जातात आणि तिथे थांबतात, ना पट्टी ना फोटो. ती चांगली जुनी गाडी आहे, पण स्मारक नाहीये.

आणि स्मारक झालेल्या गाड्यांचं तरी काय असतं ते बघा. हॉट रॉडवाल्या डोन स्पेन्सरची 1932 ची रोडस्टर (उघड्या छपराची फोर्ड), जी 1997 ला पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या नामांकित प्रदर्शनात पहिल्यांदाच हॉट रॉडचा वर्ग ठेवला तेव्हा त्यात पहिली आली, ती स्पेन्सरने स्वतःच मेक्सिकोतल्या कॅरेरा पानामेरिकाना शर्यतीसाठी म्हणून पुन्हा बदलायला घेतली होती. म्हणजे आधीच देखणी म्हणून नाव झालेली गाडी त्याच माणसाने परत उघडली. त्याला कुणी प्रतिक्रिया लिहिली नाही, नशीबवान माणूस.

ब्रेकबद्दल मात्र मी वाद घालणार नाही, तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. फ्लोअरखाली एकच सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा) आहे. कुठलाही एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, पेडल सरळ जमिनीला. दोन सर्किटचा सिलिंडर बसवला की निदान अर्धे ब्रेक हातात राहतात (पायात म्हणायला पाहिजे). पुढे डिस्क घालतोय, पण मडगार्ड नसलेल्या गाडीचं पुढचं अ‍ॅक्सल म्हणजे तिचा चेहरा असतो आणि तिथे उघडी डिस्क भयाण दिसते, म्हणून त्यावर बुइकच्या जुन्या फिनवाल्या ड्रमसारखं दिसणारं कव्हर येतंय. ढोंग म्हणाल? आहे ढोंग. ड्रॉप्ड अ‍ॅक्सल काढून फोर्डच्याच मस्टंग टू गाडीचं, प्रत्येक चाक वेगळं हलणारं इंडिपेंडंट सस्पेन्शन घाला असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं, गाडी छान चालेल हे खरंय, पण ते मी करणार नाही, मला ते बघवत नाही.

गिअरबॉक्सचं गणित सोपं आहे. मागे 4.11 चा रेशो (चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा दांडा 4.11 वेळा फिरतो), टायर 28 इंची, म्हणजे ताशी 65 मैलांना इंजिन 3200 आरपीएमच्या आसपास ओरडत असतं. सिग्नल टू सिग्नल पळायला त्या माणसाला तेच हवं असणार. मला ही गाडी हायवेवर लांब न्यायचीय, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचंय. पाच स्पीडचा टी-5 टाकला, ज्याचा पाचवा गिअर 0.68 चा आहे, की तोच वेग 2200 च्या आत येतो. 283 तसंच राहतंय, ते काढायचा विचारसुद्धा नाही, इतकं गोड चालतं ते. जुना बॉक्स फडक्यात गुंडाळून ठेवलाय.

सीटची गोष्ट अशी की मी उंच आहे. कापलेलं छप्पर आणि त्या जाड सीटमध्ये मी मान वाकडी करून बसतो, गुडघे स्टिअरिंगला लागतात आणि सिग्नल बघायला काचेजवळ वाकावं लागतं. छप्पर परत उंच करणार नाही, ती छाटणी अप्रतिम आहे, मागच्या काचेची रेष बघत राहावी अशी. म्हणजे खाली जायचं ते मीच. नवं सीट पातळ आहे आणि जुन्याच भोकांत बसतंय, फ्लोअरला एकही नवं भोक पाडलेलं नाही. फ्रेमच्या नंबराला, अर्थातच, कुणी हात लावणार नाहीये.

राहिला रंग. इथे तुम्ही मला खरंच अडचणीत टाकलंत, कारण ब्रेक, बॉक्स, सीट सगळं परत लावता येतं पण खरवडलेला रंग परत येत नाही. मी म्हणू शकलो असतो की दारांच्या खाली बॉन्डोला (पत्र्याचे खड्डे भरायच्या पुटीला) तडे गेलेत, आत गंज पसरतोय, म्हणून रंग काढावाच लागेल. तडे आहेतच. पण दारांपुरतं काम करून जुळता रंग मारणारे लोक आहेत, थोडे आहेत, महाग आहेत, पण आहेत. खरं कारण एवढंच की मला तो जांभळा चमचम रंग आवडत नाही. मला ही गाडी काळी हवी आहे, चकाकीपेक्षा तिचा आकार दिसावा अशी. रोज गॅरेजचं दार उघडल्यावर जिच्याकडे बघायचं ती गाडी मला आवडावी, यापलीकडे मी काही सबब देणार नाही, आणि त्या आधीच्या माणसानेही जांभळा निवडताना कुणाला सबब दिली नसणार. तुमचं ऐकून एक मात्र ठरवलंय. डॅशबोर्ड आणि डिकीच्या झाकणाची आतली बाजू जांभळीच ठेवतोय, आणि खरवडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून गाडीच्या फाइलमध्ये लावतोय, रंगाच्या थरांसकट, कारण जांभळ्याच्या खाली आणखी एक हिरवा निघालाय. तो कुणाचा, देव जाणे.

नवी बॉडी घ्या म्हणालात तेही बघितलं होतं. 1932 च्या नव्या स्टीलच्या बॉड्या मिळतात, फायबरग्लासच्या तर ढिगाने, आणि काम अगदी सरळ, दार एका बोटाने बंद होतं. पण मला वेडीवाकडी, कुणीतरी आधी हातोडा मारलेली गाडीच हवी होती. तुम्हाला पण तशीच आवडते, नाहीतर एवढं रागावून लिहिलं नसतंत.

आणि हो, ते पांढरं सीट. माझ्याकडे ते नुसतं पडून राहील. एका कोपऱ्याची शिलाई उसवलीये, बाकी धड आहे. तुमच्या प्रोजेक्टला बसत असेल तर मापं कळवा, सीट फुकट, पाठवायचा खर्च तुमचा.