तेविसावी टाचणी

"पाच मिनिटांचं काम आहे," असं मी म्हणालो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

लेकीला विद्युतचुंबक करायचा होता. लोखंडी खिळा, तांब्याची तार, दीड व्होल्टचा सेल आणि आईच्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या. बायकोने त्या मोजून दिल्या. "23 आहेत. 23 परत हव्यात." एवढा अविश्वास कर्ज देतानाही कोणी दाखवत नाही.

खिळ्यावर वेढ्याला वेढा चिकटवून मी तार गुंडाळली, सेल जोडला. टाचण्या ढिम्म. सेल बदलला. खिळा बदलला. वेळ मारून न्यायला डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडची गोष्ट सांगितली: 1820 साली, कोपनहेगनमध्ये, व्याख्यान चालू असताना त्याने तारेतून वीज सोडली आणि शेजारच्या होकायंत्राची सुई हलली.

"त्याची हलली?" लेकीने विचारलं. त्यातलं 'त्याची' फार लागलं.

1825 मध्ये विल्यम स्टर्जनने जेमतेम 200 ग्रॅम लोखंडाच्या विद्युतचुंबकाने 4 किलो वजन उचललं होतं, तेही 18 वेढ्यांत. हे मी बोललोच नाही. माझे वेढे तोवर 90 झाले होते.

साडेसातला उलगडा झाला. तारेवरची ती सुंदर तांबूस चकाकी म्हणजे एनॅमलचा थर. तो असतो म्हणूनच वेढे एकमेकांना चिकटले तरी वीज मधल्यामधे पळ काढत नाही. पण टोकांवरही तो तसाच राहिला, तर ती आत शिरणार कुठून? सँडपेपरने टोकं घासली मात्र, नऊ टाचण्या टपाटप चिकटल्या! मग काय, आजीला दाखव, आईला दाखव, पुन्हा आजीला. एवढ्याशा तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो किती! वीज भरमसाट वाहिली, सेल तापत गेला, बोटाला चटका बसला, मी हात झटकला आणि टाचण्या घरभर.

"बघ, वीज बंद की चुंबकत्व बंद," मी बोट चोखत म्हणालो. खिळ्याला अजून दोन टाचण्या लोंबत होत्या. खिळा पोलादी निघाला. नरम लोखंडासारखं सगळं लगेच सोडून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मोजल्या. 22. चुंबकानेच शोधू म्हटलं, तर सेलाने मान टाकलेली. दोन टाचण्यांपुरत्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर मी पलंगाखाली खिळा फिरवत राहिलो. धूळ निघाली.

रात्री पाणी प्यायला उठलो. टाचणी हे नाव तिला उगाच पडलेलं नाही.

माझी किंकाळी ऐकून अंधारातून बायकोचा आवाज आला, "सापडली का?"