वंश कोणाचा खुंटला?

गेल्या वर्षी बाबा आमच्याकडे रिचमंडला आले होते, तेव्हा त्यांना मॉन्टिचेलो दाखवायला नेलं. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवरचं, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं घर. इथल्या पाच सेंटच्या नाण्यावर असतं, तेच. घर बघून पायी उतरताना त्याच्या घराण्याची दफनभूमी लागते. लोखंडी कुंपण, दाराला कुलूप, आत उंच दगडी स्तंभ.

ही जागा सरकारची नाही, संग्रहालयाचीही नाही. जेफरसनच्या वंशजांच्या मंडळाची आहे. १९१३ साली स्थापन झालेलं हे मंडळ दरवर्षी इथे मेळावा भरवतं आणि सभासदाला इथेच दफन होण्याचा हक्क असतो.

"म्हणजे आपलं कुलसंमेलनच की," बाबा म्हणाले. आमच्या कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी चार वर्षं गावोगावी पोस्टकार्डं पाठवली होती, त्यामुळे डोळ्यांत चमक आली. लगेच पुढचा प्रश्न. "मुलगे किती?"

मोठा झालेला एकही नाही. लग्नाच्या बायकोपासून मार्था आणि मारिया या दोनच मुली वाढल्या, नि हे सगळं मंडळ त्या दोघींच्या वंशातलं आहे.

बाबा कुंपणाला धरून थांबले. "आपल्या हिशेबानं वंश खुंटला मग."

तेव्हा मी त्यांना सॅली हेमिंग्जबद्दल सांगितलं. जेफरसनच्या बायकोची ती सावत्र बहीण. बाप एकच, पण आई गुलाम, म्हणून सॅलीही गुलाम. तिची चार मुलं मोठी झाली. त्यातल्या मॅडिसनने १८७३ साली ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात उघड सांगितलं, की आमचा बाप जेफरसन. सव्वाशे वर्षं बहुतेक विद्वानांनी ते उडवून लावलं. १९९८ मध्ये डीएनए चाचणी झाली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जातं आणि मंडळ तर मुलींच्या वंशाचं, म्हणून जेफरसनच्या काकांच्या वंशातल्या पुरुषांचे नमुने घ्यावे लागले. ते मॅडिसनचा भाऊ एस्टन याच्या वंशजाशी जुळले. घर सांभाळणाऱ्या संस्थेने २००० साली सगळे पुरावे तपासून सॅलीच्या मुलांचा बाप बहुधा जेफरसनच, असं मान्य केलं. मंडळाने मात्र २००२ साली मोठ्या बहुमताने हेमिंग्ज वंशजांना सभासदत्व नाकारलं.

त्यांचं म्हणणं असं, की चाचणीने घराणं कळतं, नेमका माणूस कळत नाही. चाचणीपुरतं ते खरं आहे. पण सॅलीला दिवस राहिले त्या प्रत्येक वेळी जेफरसन मॉन्टिचेलोत होता, त्याचं काय? कागद मागायचा तर कागद ठेवत कोण होतं? जेफरसनची शेतवही आजही आहे. त्यात सॅलीच्या मुलांची नावं आईच्या नावाखाली आहेत आणि बापाची नोंद नाही. ज्याने ती वही लिहिली त्याच्याच गप्प राहण्याचा आधार घेऊन आज त्या मुलांच्या नातवंडा-पतवंडांना दाराबाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून ठेवली. त्यातल्या काहींची दफनभूमी पर्यटकांच्या पार्किंगला लागून आहे. साध्या ओबडधोबड दगडांच्या खुणा, त्यांवर नाव नाही. बाबा तिथे चपला काढून उभे राहिले.

परतीच्या वाटेवर बराच वेळ ते बोलले नाहीत. मला आमचा कुलवृत्तांत आठवत होता. त्यात माझ्या नावापुढे 'कन्या', मग सासरचं आडनाव, आणि तिथे ओळ संपते. माझी दोन्ही मुलं त्यात नाहीत. आत्याचं लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध झालं, तर तिचं नावच नाही, आणि ती आवृत्ती माझ्या बाबांनी तपासली होती. हे लिहिताना मला त्रास होतो आहे, पण लिहायला हवं.

आता तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालंय. गेल्या आठवड्यात माहितीचा फॉर्म आला. मी त्यात मुलांची नावं घातली आहेत. बाबांनी वेगळा कागद जोडून त्यावर आत्याचं माहेरचं नाव, सासरचं नाव, तिच्या यजमानांचं आणि तिन्ही मुलांचं नाव स्वतःच्या हाताने लिहून दिलंय.