‘१.४ व्होल्ट ठेवा आणि निवांत राहा’ : हे ऐकू नका

महिनाभरात गोव्यातल्या चार ग्रुपांवरून एकच मेसेज माझ्याकडे आला : ‘बायोसमध्ये मल्टिप्लायर ५० करा, व्होल्टेज १.४ ठेवा. कुठलाही प्रोसेसर चालतो, पाच मिनिटांत फुकट स्पीड. जास्त तापला तर आपोआप सांभाळतो, धोका शून्य.’ हे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं. बायोस म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणारी मूळ सेटिंग, आणि मल्टिप्लायर म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा; ५० म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. सुट्टीत घरी बसलेली मुलं हे खरोखर करून बघतायत, म्हणून लिहितो.

‘कुठलाही’ हे चूक. इंटेलचा असेल तर नावात ‘के’ हवा आणि मदरबोर्ड झेड मालिकेच्या चिपसेटचा हवा. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांचा मल्टिप्लायर बदलता येतो, पण ए३२० किंवा ए५२० बोर्डवर ती सोय नाही.

खरी गोम व्होल्टेजमध्ये आहे. वेग वाढवला की प्रोसेसरची वीज त्याच प्रमाणात वाढते. व्होल्टेज वाढवलं की त्याच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात. १.२ चे १.४ केले तर वेग तोच ठेवूनही सुमारे ३६ टक्के जादा वीज, आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडणार. बाहेर म्हणजे कुठे? मांद्र्याला भाच्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ३३ अंश होते. हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २२ अंशांच्या एसीत कुणाला ८५ दिसत असतील, तर तेच सेटिंग इथे ९६ च्या घरात जातं.

भाच्याने मेसेजबरहुकूम केलं होतं. सिनेबेंच ही प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी लावली, मिनिटाच्या आत १०० अंश, आणि प्रोसेसरने स्वतःला वाचवायला वेग कमी केल्याने ५ गिगाहर्ट्झ कोसळून ४.१. स्कोर आधीपेक्षा कमी! कूलर उतरवला तर पात्यांमध्ये खाऱ्या हवेने चिकट झालेली धूळ, एका स्क्रूला गंज.

‘आपोआप सांभाळतो’ हे तापमानापुरतं खरं. जादा व्होल्टेजने चिप झिजते ती मात्र भरून येत नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे कित्येक प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही, मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरने) जास्त व्होल्टेज मागितल्यामुळे, कायमचे अस्थिर झाले; २०२४ मध्ये कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तुम्ही स्वतः व्होल्टेज चढवून चिप घालवलीत तर वॉरंटी मिळत नाही.

नवख्याने व्होल्टेज चढवण्यापासून सुरुवात करूच नये. आधी धूळ काढा, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला, मूळ तापमान आणि स्कोर लिहून ठेवा. फोटो-कागदपत्रांची दुसरी प्रत काढा, कारण अस्थिर प्रोसेसर फाइली गुपचूप बिघडवतो. मग मल्टिप्लायर एकेकाने वाढवा आणि दर पायरीला चाचणी लावून प्रोसेसरला तासभर ताण देऊन पाहा. एरर आली किंवा तापमान ८५ च्या वर गेलं की एक पायरी मागे. मशीन सुरूच झालं नाही तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बोर्डवर साठवलेलं बायोसचं सेटिंग पुसा; ते मूळपदावर येतं.

भाच्याचा प्रोसेसर आता १.२५ व्होल्टवर ४.८ गिगाहर्ट्झने चालतो, ८३ अंशांवर. हा आकडा त्याच्या चिपचा, तुमच्या नव्हे. शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या.