डॉक्टरांकडे जाताना व्याकरण सोबत न्या

आपण ट्रान्स आहोत हे फॅमिली डॉक्टरांना सांगायचं तुम्ही ठरवलं असेल, तर पहिला सल्ला असा की आज नको. आज शनिवार, गर्दी असते. उद्या दवाखाना बंद. सोमवारी अख्खं लालबाग रविवारचं मटण खाऊन आजारी पडलेलं असतं आणि मंगळवारी प्रभादेवीची रांग रस्त्यावर येते. या हिशेबाने मी दीड वर्ष काढलं. टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी हॉर्मोनच्या, इंजेक्शनांनी मिशी फुटायला लागली तेव्हा मास्क लावला. आवाज फुटला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘घसा बसलाय’, आणि मिठाच्या गुळण्या सांगितल्या. सहा महिने इमानाने केल्या. घसा काही उठला नाही.

तोवर वेळ काढायला मराठी व्याकरण आहेच. इंग्रजीत माणूस ‘आय केम’ म्हणून मोकळा होतो, आपल्याकडे ‘आलो’ की ‘आले’ इथेच निकाल लागतो. पण घाबरू नका, आजारी माणसाला या भाषेने मोठ्या मनाने सूट दिली आहे. ‘मला ताप आलाय’ यात येणारा ताप आहे, तुम्ही नव्हे. ताप पुल्लिंगी, चक्कर स्त्रीलिंगी, पोट नपुंसकलिंगी आणि तुम्ही अजून कोणीच नाही. ‘काल काय खाल्लंस?’ असं विचारलं तरी ‘वडापाव खाल्ला’ म्हणा, ‘मिसळ खाल्ली’ म्हणा, क्रियापद मुकाट्याने खाण्याच्या मागे जातं. फक्त जेवलो, झोपलो, पडलो असले शब्द टाळायचे. दादरच्या पुलावर माझा पाय मुरगळला, तेव्हा ‘पडलो’ चुकवायला मी ‘जिन्यावरून पडणं झालं’ असं सांगितलं. डॉक्टरांनी पाय सोडून आधी डोकं तपासलं.

(या भाषेकडे न्याय मागायला मात्र जाऊ नका. जिच्यात मिशी ‘ती’ आणि स्तन ‘तो’, ती माझं काय ठरवणार?)

काही उत्साही मंडळी पुराव्यांची फाइल न्यायला सांगतात. अवश्य न्या, झेरॉक्सवाल्याचं पोट त्यावरच चालतं. त्यात सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१४ चा नालसा निकाल ठेवा. स्वतःचं लिंग काय ते माणसाने स्वतः सांगायचं, असं त्यात लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याला मानसिक आजारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेलं, तीही यादी लावा; १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ‘बरं करून देतो’ छापाचे उपचार म्हणजे डॉक्टरी पेशातलं गैरवर्तन असं कळवलं, ते लॅमिनेट करून घ्या. आमचे डॉक्टर चाळीस वर्षांपूर्वी पास झाले. तेव्हाच्या पुस्तकात आपण आजारांतच होतो. तेवढा राहिलेला अभ्यासक्रम तुम्ही भरून काढायचा, बाहेर अठरा नंबर ताटकळत असताना. शिकवणी तुमची, आणि फीसुद्धा तुम्हीच द्यायची.

तरुण डॉक्टर गाठावा म्हणाल, तर २०२४ साली अभ्यासक्रमात समलिंगी संबंध ‘अनैसर्गिक गुन्हे’ म्हणून परत आले आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे गेले. तुमचा डॉक्टर नेमक्या त्या आठवड्यात अभ्यासाला बसला नसेल, एवढीच प्रार्थना करायची.

आता रक्ततपासणी. टेस्टोस्टेरॉनने हिमोग्लोबिन वाढतं. रक्त फारच दाट झालं तर डोस कमी करावा लागतो, म्हणून तपासणाऱ्याला इंजेक्शनांचं ठाऊक असलेलं बरं. पण इंजेक्शनं देणारे हॉर्मोनचे डॉक्टर वेगळे, दूरच्या मोठ्या हॉस्पिटलातले. (मी शुद्धीवर आहे असं मनोविकारतज्ज्ञांचं पत्र घेऊन मगच त्यांनी सुरू केलं. इतकं रीतसर शहाणपण आमच्या चाळीत दुसऱ्या कोणाकडे नाही.) लालबागच्या डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. लॅबच्या फॉर्मवर दोन चौकोन होते, मी सवयीने जुना भरला. हिमोग्लोबिन आलं १५.९. पुरुषांच्या पट्टीत, म्हणजे साधारण १३ ते १७ मध्ये, ते आरामात बसतं. बायकांच्या १२ ते १५ मध्ये बसेना, म्हणून शेजारी जाड ठशात ‘एच’.

डॉक्टरांनी रिपोर्ट ट्यूबलाइटसमोर धरला, चष्मा कपाळावर नेला आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘सिगारेट ओढतेस?’

समोर आयता दरवाजा उघडला होता. सत्य सांगायला याहून बरी वेळ पुन्हा आली नसती. आयुष्यात एकही सिगारेट न ओढलेला मी म्हणालो, ‘हो. दिवसाला चार-पाच.’

त्यांनी कार्डावर लाल पेनाने लिहिलं. संध्याकाळी आईला फोन गेला. आई रडली, मामा समजवायला आला, आणि मला सांगायला लाज वाटते, पण फार हलकं वाटलं. पोरगी सिगारेट ओढते ही बदनामी आमच्या घराला झेपते. तेव्हा तुम्हीही एखादं व्यसन हाताशी ठेवा. दारू नको, तिच्यासाठी लिव्हरची तपासणी करतात आणि खोटं उघडं पडतं.

एवढं सगळं करूनही एखाद्या दिवशी तोंडातून निघून जाईलच. मी खरं तर बीपी दाखवायला गेलो होतो. डॉक्टर पट्टा गुंडाळत असताना ‘दीड वर्ष टेस्टोस्टेरॉन घेतोय’ असं निघून गेलं. ‘घेतोय’ आलं आणि पुढचं काही सांगायची गरज उरली नाही. फाइल पिशवीतच राहिली. दवाखान्याचं दार अर्ध्या उंचीचं, झुलतं. बाहेरचं खोकणंसुद्धा थांबलं.

अशा वेळी डॉक्टरांना एकटं सोडू नका. पाणी विचारा. आमच्या डॉक्टरांनी पट्ट्यातली हवा सोडली, पुन्हा भरली, पुन्हा सोडली. मग म्हणाले, ‘म्हणजे सिगारेट ओढत नाहीस?’

‘नाही.’

‘मग ठीक,’ म्हणाले आणि लाल अक्षरांवर काट मारली. त्यानंतर मात्र गंमत झाली. ‘इंजेक्शन कोणी लिहून दिलं?’ ‘झोप लागते?’ ‘भूक कशी आहे?’ ‘घरी सांगणं झालंय का?’ शब्दच शोधत होते बिचारे. माझ्या दीड वर्षाच्या सगळ्या वाटा त्यांनी पाच मिनिटांत पाठ केल्या.

मी उठलो. दारात चपलांचा ढीग होता. सवयीने म्हटलं, ‘येतो डॉक्टर.’

‘ये,’ ते खाली मान घालून लिहीत होते. ‘आणि आपलीच चप्पल घाल. मागच्या वेळी जोशींची घालून गेला होतास.’

हे मुद्दाम म्हणाले की ओघात निसटलं, ते विचारायला परत आत जाऊ नका. पुढचा नंबर गेलेला असतो.