रविवारची सुट्टी म्हणे इंग्रजांनी दिली!

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय: ‘१ मे हा फक्त महाराष्ट्र दिन. कामगार दिन हे रशियाचं खूळ, अमेरिकाही तो पाळत नाही. रविवारची सुट्टी इंग्रजांनी चर्चसाठी आपणहून दिली. आता सगळीकडे आठच तास काम असतं, मग हे कार्यक्रम कशाला?’ एरवी सोडून दिलं असतं. पण तो आईपर्यंत पोचला. आमच्या सोसायटीत १ मेला वॉचमन, सफाईवाले आणि घरकामाच्या मावशींसाठी कार्यक्रम आहे, आई कमिटीवर आहे. तिनं विचारलं, “रद्द करायचा का रे?”

अजिबात नाही.

रशियाचं आधी उरकतो. आठ तासांसाठीचा संप १ मे १८८६ चा, अमेरिकेतला. शिकागोचं हेमार्केट प्रकरण, म्हणजे कामगारांच्या सभेतला बॉम्बस्फोट आणि गोळीबार, त्यातलंच. १८८९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत हा दिवस ठरला. रशियन क्रांती १९१७ ची. अमेरिका अधिकृत कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी पाळते, एवढं खरं आहे. घ्या.

आता रविवार. इथे मात्र डोकं फिरतं. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असायच्या त्या चर्चमुळे, मान्य. पण गिरणी म्हणजे कचेरी नव्हे. मुंबईच्या गिरणीत सुट्टी असली तरी यंत्रं पुसायला यावंच लागे. सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या वाचा: रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. अर्धा तास जेवायला मिळावा म्हणून सह्या गोळा कराव्या लागत होत्या, आणि म्हणे आपणहून दिली! पुढे सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवार मान्य केला. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. यात रशिया कुठे सापडला तर मलाही कळवा.

‘फक्त महाराष्ट्र दिन’ म्हणणाऱ्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांच्या यादीत गिरणी कामगार किती आहेत ते एकदा बघावं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर जो मोर्चा आला त्यात गिरणगाव उतरलं होतं. दोन्ही दिवस एकत्र साजरे करायला कुणाची हरकत आहे? आणि देशातला पहिला कामगार दिन मद्रासला, १९२३ मध्ये, तिथले कामगारनेते सिंगारवेलू यांनी केला.

राहिलं ‘सगळीकडे आठच तास’. फॉरवर्ड पाठवणारे काका रोज ज्या गेटमधून फिरायला बाहेर पडतात, तिथल्या वॉचमनची ड्युटी आठ ते आठ असते. बारा तास. रिलिव्हर आला नाही तर तोच पुढे ओढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली, आठवड्याचे ४८ कायम ठेवून. त्यावर फॉरवर्ड आला नाही.

कार्यक्रम रात्री साडेआठला ठेवलाय, दिवसपाळीवाला सुटल्यावर. रात्रपाळीवाल्याचं गेट तेवढा वेळ कमिटीतली दोघं सांभाळणार आहेत. काकांचं नाव मी सुचवलंय.