मेरी कोमचं ऑलिंपिक पदक कांस्यच

‘झूम शेतात (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतात) राबणाऱ्यांच्या पोरीने ऑलिंपिक सुवर्ण आणलं’ असा मजकूर मेरी कोमच्या फोटोसह फिरतोय. मणिपूरमधल्या तिच्या कांगाथेई गावातली गरिबी खरी, सुवर्ण मात्र नाही. लंडन २०१२ मध्ये ती उपांत्य फेरीत ब्रिटनच्या निकोला अ‍ॅडम्सकडून ११-६ अशी हरली. बॉक्सिंगमध्ये कांस्यासाठी वेगळी लढत नसते. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींनाही ते मिळतं.

घोळ बहुधा जगज्जेतेपदांमुळे झालाय. ती सहा आहेत: २००२, २००५, २००६, २००८, २०१० आणि २०१८. सगळी ४५ ते ४८ किलोच्या गटांतली. लंडनला महिलांचे गट तीनच, ५१, ६० आणि ७५ किलो. म्हणून तिला वजन वाढवून, अंगापिंडाने थोराड मुलींशी खेळावं लागलं. मजकुरात नेमकं हेच नाही!